आयता संघ

‘वडिलांनी विद्यापीठ काढलं आणि मुलगा त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला.’ विर्हिलिओ दालुपान यांचा विषय निघाला की मी एवढंच म्हणायचो. पुढे काही बोलायची गरज मला वाटत नसे. फिलिपिन्समध्ये ज्यांना ‘माएस्त्रो’ म्हणून मान दिला जातो, ज्यांच्या नावाने तिथल्या वर्षातल्या सर्वोत्तम व्यावसायिक प्रशिक्षकाचा करंडक दिला जातो, ते माझ्या लेखी आयत्या बिळावरचे नागोबा होते. आज मी तसं म्हणत नाही. हे मत एका दिवसात गेलं नाही. त्याचा एकेक टेकू निघत गेला आणि एक टेकू अजूनही निघालेला नाही. त्यामुळे हा हिशेब नीट मांडून ठेवावासा वाटला.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं मनिलात होतो. त्या शहरात बास्केटबॉल टाळून जगता येत नाही. बोळाच्या तोंडाशी विजेच्या खांबाला रिंग ठोकलेली असते, पायात रबरी चपला घालून पोरं खेळत असतात आणि रिक्षावाला खेळ थांबायची निमूट वाट बघतो. कॉलेजच्या सामन्यांचं वेड तर विचारू नये. 1938 साली सुरू झालेल्या यूएएपी या आंतरविद्यापीठ स्पर्धेत आज आठ विद्यापीठं आहेत. अतेनेओ आणि ला साल यांचा सामना असला की ऑफिसात कामाची बैठक कुणी ठेवत नाही. माझ्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी युनिव्हर्सिटी ऑफ द ईस्टचे, म्हणजे यूईचे पदवीधर होते. दालुपान यांचं नाव ते ‘कोच बेबी’ असं घ्यायचे. ‘बेबी’ हे त्यांचं टोपणनाव. तिथे असली नावं नव्वदीपर्यंत माणसाला चिकटून राहतात आणि त्यात कुणाला गंमत वाटत नाही. आमचे वाद कोच बेबींवरूनच व्हायचे.

आधी त्यांची बाजू सांगतो. दालुपान यांचा जन्म 1923 चा. शिकले अतेनेओत. 1955 मध्ये ते यूईच्या ‘रेड वॉरियर्स’ संघाचे प्रशिक्षक झाले आणि पुढच्या सोळा-सतरा वर्षांत त्यांनी यूईला यूएएपीची 12 विजेतेपदं मिळवून दिली. त्यातली 1965 ते 1971 ही सात सलग. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. आरिक देल रोसारिओ यांच्या सांतो तोमास विद्यापीठाने 1993 ते 1996 सलग चार जिंकली, फ्रान्झ पुमारेन यांच्या ला सालने 1998 ते 2001 अशीच चार आणि नॉर्मन ब्लॅक यांच्या अतेनेओने 2008 ते 2012 सलग पाच. सातपर्यंत कुणी पोचलं नाही.

आता माझी बाजू. यूईची सुरुवात 1946 ची. युद्धाने मोडून पडलेल्या मनिलात लेखापालांच्या परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग निघाले, त्यांतून कॉलेज झालं आणि पुढे विद्यापीठ. संस्थापकांत मुख्य होते फ्रान्सिस्को दालुपान, आमच्या कोच बेबींचे वडील. विद्यापीठ झपाट्याने वाढलं. चांगला खेळाडू दिसला की त्याची फी माफ करणं आणि राहण्या-जेवणाची सोय लावणं ज्याच्या घरात ठरतं, त्या माणसाने बारा विजेतेपदं जिंकली तर त्यात प्रशिक्षकाचं कौतुक किती आणि तिजोरीचं किती? माझा प्रश्न एवढाच होता. तो विचारताना माझ्या आवाजात जो विजयी सूर असायचा, तो त्या सहकाऱ्यांनी फार सभ्यपणे सोसला.

हा सूर कुठून आला तेही सांगायला हवं. प्रशिक्षक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रमाकांत आचरेकर सर येतात. मैदानाच्या कडेला उभं राहून बघणारे, होतकरू पोराला स्कूटरवर मागे बसवून एका सामन्यावरून दुसऱ्या सामन्याला नेणारे. मोठेपण टंचाईतून उगवतं, अशी आमच्या पिढीची श्रद्धा होती. मी स्वतःही मनिलाला जाण्याआधी आणि परतल्यावरही, गावातल्या नगरपालिकेच्या मैदानावर संध्याकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवत आलो. तिथे बोर्ड लाकडी, एका रिंगला जाळी नाही आणि पावसाळ्यात अर्धं कोर्ट पाण्याखाली. आम्ही शहरातल्या पैसेवाल्या क्लबांकडून हरायचो आणि परतीच्या एसटीत मी मुलांना म्हणायचो की त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे काय आहे? म्हणजे दालुपान यांच्याविषयीचं मत मनिलात तयार झालंच नव्हतं. ते मी सामानातून बरोबर नेलं होतं. पैसेवाला जिंकला तर पैशामुळे जिंकला, हे एकदा मान्य केलं की मी का हरलो याचा शोध घ्यावा लागत नाही. फार सोयीचं मत होतं ते.

पुरावाही होता. नॅशनल युनिव्हर्सिटी या मनिलातल्याच विद्यापीठाने 1954 नंतर यूएएपीचं विजेतेपद पाहिलं नव्हतं. 2008 मध्ये तिचा ताबा मॉलच्या धंद्यातल्या धनाढ्य सी कुटुंबाकडे गेला. 2014 मध्ये, साठ वर्षांनी, ती जिंकली. मी हे उदाहरण पत्त्यातल्या एक्क्यासारखं टाकायचो. त्या संघाचे प्रशिक्षक एरिक आल्तामिरानो यांचं नाव मात्र मी घेत नसे, कारण ते घेतलं की एक्का थोडा दुर्री व्हायचा.

पहिला टेकू निघाला तो साध्या हिशेबाने. विद्यापीठाच्या संघात खेळाडू किती वर्षं राहतो? ठरावीक वर्षं झाली की तो बाहेर पडतो, मग कितीही चांगला असो. व्यावसायिक संघात एखादा मोठा खेळाडू दहा-बारा वर्षं ठाण मांडतो. इथे दरवर्षी वरची फळी निघून जाते आणि खालून कोवळी पोरं येतात. 1965 साली यूईला जिंकून देणाऱ्यांपैकी 1971 च्या संघात कोण असणार? सलग सात वर्षं जिंकला तो एकच संघ नव्हता. मधे तो निदान एकदा मुळापासून बदलला होता आणि जिंकणं तेवढं थांबलं नव्हतं. न बदललेल्या गोष्टी दोनच होत्या, वडिलांचं विद्यापीठ आणि मुलगा प्रशिक्षक. त्यामुळे हा हिशेब मला पटला, तरी मी हरलो नव्हतो. त्या दोघांपैकी नेमकं श्रेय कुणाचं, हे यूईच्या आत राहून ठरवताच येत नव्हतं.

मग सहकाऱ्यांनी अतेनेओ पुढे केलं. यूई सोडल्यावर दालुपान तिकडे गेले आणि 1975 व 1976 अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी अतेनेओला विजेतेपद दिलं. तेव्हा अतेनेओ यूएएपीत नव्हतं, एनसीएए या दुसऱ्या जुन्या स्पर्धेत खेळायचं. वडिलांचा इथे काही संबंध नव्हता. माझं उत्तर तयार होतं. अतेनेओ ही जेझुइटांनी चालवलेली, देशातल्या बड्या घरांतल्या मुलांची संस्था. खेळाडूंना तिथे काय तोटा? एका भरल्या घरातून दुसऱ्या भरल्या घरात गेलेल्या माणसाची परीक्षा झाली असं मी का मानावं?

दुसरा टेकू खरोखर हलवला तो क्रिस्पा आणि टोयोटाने. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. आपल्याकडे टाइम्स शील्ड या क्रिकेट स्पर्धेत जसे टाटा, निर्लॉन, मफतलाल असे कंपन्यांचे संघ खेळायचे, तशीच मनिलात मिका नावाची कंपन्यांच्या संघांची स्पर्धा होती. क्रिस्पा ही गंजीफ्रॉक आणि टी-शर्ट बनवणारी कंपनी. कापड धुतल्यावर आटू नये म्हणून त्यावर जी प्रक्रिया करत, तिच्यावरून संघाचं नाव पडलं ‘रेडमनायझर्स’. विद्यापीठाच्या संघाबरोबरच दालुपान यांनी साठच्या दशकात हा संघही सांभाळायला घेतला होता. 1975 मध्ये मिकातले बडे संघ बाहेर पडले आणि त्यांनी पीबीए ही व्यावसायिक लीग सुरू केली. एनबीए सोडली तर अखंड चालू असलेली जगातली ही सर्वांत जुनी व्यावसायिक बास्केटबॉल लीग मानली जाते. तिच्यात शहरांचे संघ नसतात, कंपन्यांचे असतात. त्यामुळे कॉफी हॉट डॉगला हरवते, दारू दुधाला हरवते आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नाही.

क्रिस्पाचा हाडवैरी होता टोयोटा. त्या गाड्या देशात जुळवणाऱ्या कंपनीचा हा संघ, त्यामुळे पैशाला तोटा नाही. गंमत म्हणजे त्याचे प्रशिक्षक दान्ते सिल्व्हेरिओ मालकांच्या घरातलेच होते. संघातला सर्वांत धगधगता खेळाडू रॉबर्ट यावोर्स्की. पुढे तो देशाचा सिनेटर झाला. तो घडला होता यूईत, दालुपान यांच्याच हाताखाली. वैर इतकं टोकाचं की 1977 मध्ये एका सामन्यानंतर हाणामारी झाली आणि दोन्ही संघांच्या खेळाडूंना लष्करी कायद्याच्या त्या काळात एक रात्र फोर्ट बोनिफासिओत कोठडीत काढावी लागली.

आता इथे माझा नेहमीचा प्रश्न लावून बघा. तिजोरीचं श्रेय किती? दोन्हीकडे तिजोरी होती. टोयोटाकडे तर घरचा प्रशिक्षकही होता. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना तीच संख्या असली की ती खोडून टाकायची असते. खोडल्यावर जे उरलं ते असं. 1975 च्या पहिल्या दोन स्पर्धा टोयोटाने जिंकल्या, तिसरी क्रिस्पाने. 1976 मध्ये वर्षातल्या तिन्ही स्पर्धा क्रिस्पाने घेतल्या, तिन्ही वेळा अंतिम फेरीत समोर टोयोटाच. पीबीएतला हा पहिला ‘ग्रँड स्लॅम’. त्याच वर्षी अतेनेओही विजेतं होतं. म्हणजे एकाच वर्षी हा माणूस एकीकडे पगारी, नावाजलेल्या, अहंकारी पुरुषांना हाताळत होता आणि दुसरीकडे परीक्षा तोंडावर आलेल्या पोरांना. दोन्हीकडे शिट्टी एकच असली तरी भाषा वेगळी लागते. बापाची पुण्याई इथवर पोचत नाही.

तरीही माझ्यातला हट्टी माणूस म्हणाला की क्रिस्पाकडे खेळाडूच तसे होते. होते खरे. बोग्स आदोर्नादो, फ्रेडी हुबाल्दे, आतोय को, फिलिप सेझार, आबेत गिदाबेन. हे पाचही जण आपापल्या वर्षी पीबीएचे सर्वोत्तम खेळाडू ठरले आणि 1976 मध्ये हे पाचही जण एकाच संघात होते. असा संघ कुणीही जिंकवेल, असं मी म्हणालो.

‘कुणीही जिंकवेल’ हे वाक्य मी मागे घेतलं ते भारतात परतल्यावर. जिल्ह्याचा मुलांचा संघ निवडून तयार करायचं काम माझ्याकडे आलं. त्या वर्षी जिल्ह्यात कधी नव्हे इतकी चांगली मुलं होती. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला आयता संघ मिळाला आणि मी हरखून गेलो. संघात बारा जण, मैदानावर पाच. सामना चाळीस मिनिटांचा, म्हणजे वाटायला एकूण दोनशे मिनिटं. माझ्या नगरपालिकेच्या मैदानावरच्या संघात ही वाटणी आपोआप व्हायची. चांगले पाच, फार तर सहा, बाकीचे टाळ्या वाजवायला. इथे एकाला दिलेलं प्रत्येक मिनिट त्याच्याच तोडीच्या दुसऱ्याच्या ताटातून काढून द्यावं लागत होतं. ज्याला बसवलं त्याचं तोंड पडायचं, त्याच्या वडिलांचा रात्री फोन यायचा आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा चेंडू हातात आला की पास देण्याऐवजी स्वतःच उडी मारायचा, स्वतःला सिद्ध करायला. दोन गट पडले. एक बदली चुकीच्या क्षणी केली की ती चूक झाकायला गरिबीचं पांघरूण नव्हतं. आम्ही लवकर बाहेर पडलो. आमच्यापेक्षा साध्या संघाकडून.

तेव्हा मला त्या पाच जणांचा क्रिस्पा आठवला. पाचांपैकी प्रत्येकाला वाटत असणार की शेवटचा चेंडू आपल्या हातात यावा, आणि चेंडू तर एकच. टंचाईतल्या प्रशिक्षकाला जे नाही ते निर्माण करावं लागतं, हे मला माहीत होतं, कारण तेच माझं रोजचं काम होतं. मुबलकतेतल्या प्रशिक्षकाला जे आहे ते एकमेकांना खाऊ नये म्हणून सांभाळावं लागतं, हे मला तोवर कामच वाटलं नव्हतं. दोन्ही कौशल्यं वेगळी आहेत. पहिलं ज्याच्याकडे असतं त्याच्याकडे दुसरं असेलच असं नाही. माझ्याकडे नव्हतं.

यूईचाच पुढचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. 1985 नंतर यूईला यूएएपीचं विजेतेपद मिळालेलं नाही. सर्वांत जवळ ती आली 2007 मध्ये. साखळीतले चौदाच्या चौदा सामने जिंकून संघ थेट अंतिम फेरीत गेला. समोर ला साल, आदल्या वर्षी स्पर्धेतून निलंबित असलेला संघ. दोन्ही बाकांवर सख्खे भाऊ, यूईकडे दिंदो पुमारेन, ला सालकडे फ्रान्झ पुमारेन. ला सालने सरळ दोन सामन्यांत विषय संपवला. दिंदो यांना कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. चौदा विजय ही थट्टा नव्हे. पण सर्वांत भारी संघ घेऊन अखेरच्या रेषेच्या पलीकडे जाणं किती अवघड असतं, ते या हंगामावरून कळतं. आणि दालुपान यांनी ते यूईत लागोपाठ सात वर्षं केलं होतं.

शेवटी 1990. दालुपान तेव्हा सदुसष्टीला आले होते आणि प्युअरफूड्स या तुलनेने नव्या संघाचे प्रशिक्षक होते. पाच सामन्यांच्या अंतिम मालिकेत अलास्काविरुद्ध ते पहिले दोन सामने हरले. अलास्काच्या बाकावर टिम कोन नावाचा तरुण प्रशिक्षक होता. प्युअरफूड्सने पुढचे तिन्ही सामने जिंकले. संघाचं ते पहिलंच विजेतेपद. पीबीएत दालुपान यांच्या नावावर एकूण 15 विजेतेपदं झाली आणि तो विक्रम दोन दशकांहून जास्त टिकला. 2014 मध्ये तो मोडला टिम कोन यांनीच, आणि तोही प्युअरफूड्सच्याच, पण तोवर सान मिग हे नाव घेतलेल्या संघाबरोबर. ज्याला त्या मालिकेत हरवलं त्यानेच, ज्या घराला पहिलं विजेतेपद दिलं त्याच घरातून विक्रम पुढे नेला. हे वाचलं तेव्हा मी वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हतोच. दोन सामने मागे पडलेल्या संघाला वडिलांची पुण्याई उपयोगी पडत नाही. त्या आठवड्यात प्रशिक्षक खेळाडूंशी काय बोलतो, कुणाला बसवतो, कुणावर विश्वास टाकतो, तेवढंच उपयोगी पडतं.

2016 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी दालुपान गेले. सगळ्या स्पर्धा धरून 52 विजेतेपदं त्यांच्या नावावर सांगितली जातात. मी मनिलातल्या त्या जुन्या सहकाऱ्यांना पत्र लिहिलं. शोकसंदेश असा तो नव्हताच. इतकी वर्षं मी कुठला मुद्दा धरून बसलो होतो आणि तो का सोडला, हे त्यात लिहिलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. त्यांना मुद्द्यापेक्षा माझ्या जिल्ह्याच्या संघाची जास्त काळजी वाटत होती, त्या मुलांचं पुढे काय झालं म्हणून.

आता न निघालेल्या टेकूबद्दल. 1955 मध्ये यूईच्या प्रशिक्षकाची जागा बेबी दालुपान यांना मिळाली, तेव्हा त्यांच्या आडनावाचा वाटा नव्हता असं मी आजही म्हणणार नाही. दार उघडं होतं. मनिलात त्या वेळी त्यांच्याइतकीच जाण असलेला दुसरा कुणी नसेलच असंही नाही. त्याला कुणी दार उघडलं नाही आणि त्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. ही गोष्ट खेळातल्या प्रत्येक मोठ्या नावाच्या मागे असते आणि ती विसरणं मला मान्य नाही. पण दार कुणी उघडलं आणि आत शिरल्यावर त्या माणसाने काय केलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं, असं मी धरून चाललो होतो. पैशाबद्दलही माझं मत पूर्ण बदललेलं नाही. नॅशनल युनिव्हर्सिटीचा एक्का अजून माझ्या हातात आहे, फक्त आता मी तो आल्तामिरानो यांच्या नावासकट टाकतो.

बदललं ते एवढंच की कुठल्याही प्रशिक्षकाच्या यशाबद्दल बोलायची वेळ आली की मी त्याच्याकडे काय होतं एवढं विचारून थांबत नाही. समोरच्याकडे काय होतं तेही विचारतो आणि त्याच्या संघातल्या सातव्या खेळाडूने ते वर्ष कसं काढलं तेही. यूएएपीत कधीतरी कुणी सलग आठ विजेतेपदं जिंकेल आणि दालुपान यांचा विक्रम जाईल. त्या प्रशिक्षकाच्या मागे कुठला उद्योगपती उभा आहे, हे मी तेव्हाही शोधीनच, ती सवय जाणार नाही. पण ते सापडल्यावर त्याची फाइल मी बंद करणार नाही.